डॉ. रखमाबाई कशाच्या बळावर शिकल्या?



आमची पुतणी डॉक्टरीची परीक्षा पास होऊन सध्या इस्पितळात इंटर्न आहे. गेल्या दिवाळीत पनवेलला घरी आली ती रडतच. "काकू, छत्तीस तास उभी होते. वर मोठ्या डॉक्टरांची बोलणी. मला नाही जमायचं हे." मी अवघी सातवी शिकलेली, तिला काय सांगणार? नुकतीच डॉ. रखमाबाईंची हकिगत वाचली होती, तीच सांगत बसले.

रखमाबाईंचा जन्म मुंबईचा, 1864 सालचा. लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या सासरी गेल्या नाहीत म्हणून नवऱ्याने 1884 साली फिर्याद केली. 1887 साली कोर्टाने हुकूम केला की, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा. त्यांनी तुरुंग पत्करीन म्हणून सांगितले! पुढे 1888 साली तडजोड झाली. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्यामुळे घरात डॉक्टरी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली होती. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला, आणि 1889 साली त्या विलायतेस गेल्या.

या पीचीबाईंनीही कमी सोसले नव्हते. 1870 साली एडिंबरोत त्या व त्यांच्या मैत्रिणी परीक्षेला निघाल्या, तेव्हा जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला. पुस्तकी शिक्षण एक वेळ मिळे, पण वॉर्डात रोग्याजवळ उभे राहू देत नसत. आणि त्यावाचून डॉक्टर कसे व्हावे? लंडनला बायकांचे वैद्यकीय विद्यालय 1874 साली निघाले, तरी रॉयल फ्री हॉस्पिटलने त्या मुलींना वॉर्डात घेतले ते 1877 साली. त्याच विद्यालयात आणि त्याच इस्पितळात रखमाबाई शिकल्या. 1894 साली त्या डॉक्टर झाल्या, मग मायदेशी परतल्या, आणि सुरतेस व राजकोटास त्यांनी कितीतरी वर्षे बायकांची सेवा केली.

त्या काळी कित्येक बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवीत नसत. दुखणे अंगावर काढीत आणि तशाच जात. अशा बायका मायदेशी आपली वाट पाहत आहेत, हे रखमाबाई जाणून होत्या. परक्या देशात त्यांना तग धरायला हेच बळ पुरले असावे, असे मला वाटते.

पुतणी निमूटपणे ऐकत होती. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली. आठवड्याने तिचा फोन आला, "काकू, वॉर्डात एक आजी आहेत. जखम दुसऱ्या कुणाला बघू देत नाहीत. सुट्टीवर होते तर रोज विचारायच्या, ती पोरगी कधी येणार?" आवाज दमलेलाच होता, पण रडका नव्हता. परत येण्याची गोष्ट तिने काढली नाही.

आपल्या आळीतही अशा मुली आहेत. रात्रपाळी करून आलेल्या पोरीला लग्न कधी, असे विचारण्याआधी, जेवलीस का, एवढे आपण विचारू या. तेवढे तर आपल्या हातचे आहे.