हातच्याची किंमत

ओझर म्हटले की अनेकांना विघ्नेश्वर आठवतो. पण ते ओझर जुन्नरजवळचे. नाशिकजवळचे ओझर विमानांचे. १९६४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या येथील कारखान्यात आधी मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० घडली. विमान दशकानुदशके उडते. संगणकाची पिढी मात्र लवकर जुनी होते. जुन्या यंत्राला मोठा आकडा का जड जातो, हा प्रश्न म्हणूनच आम्हांला या गावी सुचावा, यात नवल नाही.

त्याचे स्वच्छ उदाहरण नेटवर्कच्या इतिहासात सापडते. वाहतुकीचे बाइट मोजणारे काउंटर १९८८च्या सुमारास प्रमाणित झाले, ते ३२ बिटांचे. ४,२९,४९,६७,२९५ या आकड्यानंतर ते पुन्हा शून्यावर येत. सेकंदाला १ कोटी बिट वाहणाऱ्या जाळ्यावर एका फेऱ्याला सुमारे ५७ मिनिटे लागत. १०० कोटी बिटांच्या जाळ्यावर ३४ सेकंद पुरू लागले. पाच मिनिटांनी नोंद घेणाऱ्याला मधले फेरे कळणार कसे?

१९९०च्या दशकात ६४ बिटांचे काउंटर आले. परंतु ३२ बिटांच्या प्रोसेसरला ही बेरीज दोन तुकड्यांत करावी लागते. आधी खालचा अर्धा भाग, मग हातचा घेऊन वरचा. नेमके त्या दोहोंमध्ये कोणी आकडा वाचला, तर खालचा भाग नवा आणि वरचा जुना, अशी कधीच अस्तित्वात नसलेली संख्या त्याच्या हाती पडते. ते टाळण्यासाठी कुलूप लावावे, किंवा वाचणाऱ्याने आकडा मध्येच बदलला नाही ना हे पडताळून गरज पडल्यास पुन्हा वाचावा. लिनक्सने २०१० साली हा दुसरा मार्ग धरला. मोजणीचा हा भार येणाऱ्या प्रत्येक पॅकेटमागे पडतो. २००० सालच्या प्रमाणकाने हा खर्च मान्य करूनच सेकंदाला २ कोटी बिटांपर्यंतच्या जाळ्यांना ३२ बिटांची मुभा ठेवली.

अशी काटकसर विमानांतही घडते. बोइंग ७८७चा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिला तर जनित्र-नियंत्रकांतला काउंटर ओसंडून वीज बंद पडू शकते, असा इशारा अमेरिकी विमान प्रशासनाने २०१५ साली दिला.

कागदपत्रांतले आकडे आपण पुरावा म्हणून वाचतो. ते खरे की खोटे, एवढेच आपण विचारतो. तो आकडा ज्या रकान्यात लिहिला गेला तो रकाना किती रुंद होता आणि हातचा घेण्याचा खर्च कोणी वाचवला, हेही विचारले पाहिजे. प्रत्येक शून्य आरंभाचे नसते.