एकाच छताखालचे दोन चित्रपट

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी तिने ‘कुंकू’ दाखवला. दोन्ही चित्रपटांचे छायालेखन व्ही. अवधूत यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे, आणि कलादिग्दर्शनावर नजर फत्तेलालांची. ध्वनिमुद्रणाची यंत्रे तीच, प्रयोगशाळा तीच, पगारावरचे सुतार, रंगारी आणि शिंपीही तेच. तरीही हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले तर ते एका घरातले आहेत यावर सहज विश्वास बसत नाही. ‘संत तुकाराम’ संथ वाहतो, माणसांना फ्रेममध्ये येऊ-जाऊ देतो आणि प्रेक्षकाला देहूच्या अंगणात बसवून ठेवतो. ‘कुंकू’ प्रेक्षकाला एका वाड्याच्या भिंतींत कोंडतो आणि प्रत्येक वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर आणून धरतो. साधने आणि बरेचसे हात सारखे असताना एवढा फरक कुठून आला? चित्रपटाच्या गुणवत्तेत दिग्दर्शकाचा वाटा किती, या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, पण त्याची कसोटी पाहण्याची इतकी चांगली संधी भारतीय चित्रपटाच्या इतिहासात क्वचितच मिळते. बाकी सगळे शक्य तितके स्थिर राहिले आणि दिग्दर्शक तेवढा बदलला, अशी ही जागा आहे.

‘संत तुकाराम’चे दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचे, ‘कुंकू’चे व्ही. शांताराम यांचे. तिघेही कोल्हापूरचे विद्यार्थी, आणि त्यांचे गुरुकुल म्हणजे बाबुराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबुरावांनी दामल्यांच्या साथीने देशी कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० मध्ये त्यावर ‘सैरंध्री’ काढला. चित्रीकरणाआधी दृश्याचे रेखाटन करून ठेवण्याची त्यांची पद्धत होती. आज ती साधी वाटेल, पण दिग्दर्शक या पदाचा पाया आपल्याकडे त्या कागदांवर घातला गेला असे मी मानतो. नाटक मंडळीत तालीममास्तर असे, तो नटाला उभे राहायला आणि बोलायला शिकवी. फाळक्यांसारखा पहिल्या पिढीचा माणूस कथेपासून फिल्म धुण्यापर्यंत सगळेच करी. कॅमेऱ्याच्या चौकटीत काय येईल आणि काय येणार नाही हे आधी ठरवणारा, आणि त्या एका निर्णयाखाली नट, प्रकाश, कपडे, भिंती असे सगळे आणणारा माणूस मात्र बाबुरावांच्या स्टुडिओत घडला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये शांतारामांनी तरुण शेतकऱ्याचे काम केले होते. त्या मूकपटात अंधूक उजेडातली झोपडी आणि तिच्यापुढे रडणारा कुत्रा एवढ्यावर बाबुरावांनी एका कुटुंबाची वाताहत दाखवली, अशी त्या दृश्याची ख्याती आहे. आवाज नसलेल्या चित्रपटात कुत्र्याचे रडणे पोहोचवायचे, तर बाकी किती गोष्टी बाजूला साराव्या लागल्या असतील! माझ्या मते दिग्दर्शकाचे कसब तिथेच आहे. हाताशी असलेल्या साधनांपैकी काय वापरायचे नाही हे ठरवण्यात.

शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे बाबुरावांकडून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या आधाराने १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात सुरू झाली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ तिथलाच. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. पहिली काही वर्षे दिग्दर्शन बहुतांशी शांतारामबापूंकडे राहिले, दामले ध्वनीकडे आणि फत्तेलाल कलाविभागाकडे. ‘सैरंध्री’ बोलपटाच्या रंगीत कामासाठी शांताराम जर्मनीला गेले. तो रंगाचा प्रयोग फसला, पण तिथल्या चित्रपटांतला छायाप्रकाश त्यांच्या डोळ्यांत भरून राहिला आणि १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये तो दिसला. हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एक डोळा त्यांनी टेलिफोटो लेन्सने पडदाभर आणला. एका डोळ्यात सत्तेचा सारा कडवेपणा गोळा करायचा तर दरबार, सिंहासन, गर्दी सगळे चौकटीबाहेर ठेवावे लागते, आणि ते त्यांनी ठेवले. तरीही ‘अमृतमंथन’मध्ये दिपवून टाकण्याची हौस अजून मोठी आहे. तीन वर्षांनी त्यांनी तीच हौस मुठीत धरली.

‘कुंकू’ ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे. काकासाहेब या म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते, एवढीच गोष्ट. अशा कथेला त्या काळी रडक्या पदांची आणि पेटी-सारंगीच्या सुरावटीची साथ सहज मिळाली असती. केशवराव भोळ्यांसारखा जाणता संगीतकार पदरी असताना शांतारामांनी पार्श्वसंगीतच काढून टाकले. घरातले आणि रस्त्यावरचे जे आवाज खरोखर कानी येतील तेवढेच ठेवले. त्यामुळे वाड्यातले घड्याळ ऐकू येऊ लागते. काकासाहेबांचे सरत चाललेले आयुष्य आणि नीरेचे वाया चाललेले तारुण्य दोन्ही त्या एका टिकटिकीवर मोजले जातात, आणि घड्याळ थांबते तेव्हा कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आरशाचेही तसेच. काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते आहेत, मराठी ‘अमृतमंथन’मधले राजगुरू. तिथे दहशत पसरवणाऱ्या या नटाकडून इथे शांतारामांनी लाज काढून घेतली, चूक उमगलेल्या पण ती कबूल करायला धजत नसलेल्या माणसाची लाज. नट तोच असताना दुसऱ्याच माणसाचा जन्म झाला. नीरा झालेल्या शांता आपटेंच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता आहे. एरवी ती ठिगळासारखी वाटली असती. पण भोवती शांतता इतकी राखलेली आहे की शिकलेल्या मुलीचा तो स्वाभिमान ठरतो.

आता ‘संत तुकाराम’ पाहू. दामले-फत्तेलाल यंत्राचे आणि नेपथ्याचे जाणकार होते, आणि विषय तर चमत्कारांनी भरलेला. त्या काळात देवा-संतांच्या चित्रपटाला गर्दी होई ती बऱ्याच अंशी ट्रिकसीनसाठी. या दोघांनी चमत्कार गाळले नाहीत, ते नीट केलेही, पण चित्रपटाचे वजन तिथे ठेवले नाही. ते ठेवले तुकोबांच्या घरात. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले गृहस्थ होते, त्यांच्या आवाजात आणि हालचालीत एक मऊपणा होता. दुसऱ्या कुणी तो पुसून ‘भारदस्त’ संत उभा केला असता. या दोघांनी तो तसाच राहू दिला आणि त्यातून जगाशी भांडता न येणारा, स्वतःतच हरवलेला तुकोबा निघाला. त्याच्या समोर त्यांनी गौरीला उभे केले. ही बाई कुठल्या नामांकित मंडळीतून आलेली नव्हती, स्टुडिओत लहानसहान कामे करता करता पुढे आली होती. तिने केलेल्या तुकोबांच्या पत्नीला, जिजाईला, म्हशीची, चुलीची, पोरांच्या पोटाची काळजी आहे. पोर आजारी पडल्यावर ती हातात वहाण घेऊन त्या पोरालाच ओढत देवळात जाते आणि विठ्ठलाला जाब विचारते. या दृश्यात भक्तीचा अपमान झाल्यासारखे कुणाला वाटले नाही, कारण दिग्दर्शकांनी तिच्या बाजूने उभे राहून ते घेतले आहे. वैकुंठाचे बोलावणे येते तेव्हाही ती संसार सोडून निघत नाही. त्या शेवटात स्वर्ग आणि संसार यांच्यात संसाराला उणे ठरवले जात नाही. संतपटांच्या गर्दीत हे धैर्य मला फार मोलाचे वाटते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: चित्रपट गाजला तो तुकोबांमुळे. अभंग शतकानुशतके लोकांच्या ओठांवर असताना दिग्दर्शकाने वेगळे काय केले? याचे उत्तर प्रभातच्याच वहीत आहे. एक वर्ष आधी, १९३५ मध्ये, याच कंपनीने एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला. विषय संताचा, अस्पृश्यतेविरुद्धचा धारदार प्रश्न त्यात घातलेला, आणि नाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. मूळचे ‘महात्मा’ हे नावही सेन्सॉरने बदलायला लावले, इतका त्याचा रोख वर्तमानाशी भिडलेला होता. दिग्दर्शक शांताराम. महाराष्ट्राचा सर्वांत लाडका नट, थोर संत, समर्थ दिग्दर्शक, आणि तरी ‘धर्मात्मा’ने लोकांच्या मनात ते घर केले नाही. बालगंधर्वांचा प्रभातबरोबरचा तो एकमेव चित्रपट ठरला. उलट पागनीस आणि गौरी यांच्या ‘संत तुकाराम’ने मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे मुक्काम केला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. विषयाचे पुण्य एवढेच कारण असते तर एकनाथांनाही ते लाभले असते. ‘तुकाराम’मध्ये शांताराम आठवल्यांनी रचलेला एक अभंग आहे, तो अनेकांना खुद्द तुकोबांचाच वाटत राहिला. शब्द, चाल, गळा आणि चित्र एका सुरात बसवल्याखेरीज असा भास होत नाही. त्यात आठवले, भोळे आणि पागनीस यांचे श्रेय आहेच, पण तिघांना एका पट्टीत आणणारा कुणीतरी लागतो.

‘धर्मात्मा’चे उदाहरण माझ्या म्हणण्याला उलटेही लागू शकते, हे मान्य केले पाहिजे. शांताराम कसबी होते तर तिथे ते कसब कुठे गेले? मला वाटते, दिग्दर्शकाचे कसब ही कुठेही नेऊन लावता येईल अशी हत्यारांची पेटी नसते. शांतारामांचा पिंड संघर्षाचा, ताणाचा, ठाशीव प्रतिमेचा. माणूस कोंडीत सापडला की त्यांना तो दिसे. ‘कुंकू’मधली नीरा, ‘माणूस’मधली शांता हुबळीकरांची मैना, ‘शेजारी’मधले दोन म्हातारे मित्र, सगळे कोंडीतच आहेत. शांत, कुणाशी न भांडणारा संत त्यांच्या दृष्टीच्या परिघात नीट मावला नाही. दामले-फत्तेलालांना नेमका तोच सापडला, आणि त्यांच्याकडे ‘कुंकू’ दिला असता तर घड्याळाची ती टिकटिक आपल्याला बहुधा ऐकू आली नसती. दिग्दर्शकाच्या स्वभावाचा ठसा इतका खोलवर उमटतो, म्हणूनच त्याच्या मर्यादाही चित्रपटात जशाच्या तशा उतरतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो म्हणतो, गुणवत्ता प्रभात या संस्थेची होती. शिस्त, तालमी, मासिक पगारावरचे कलावंत, मालकच कारागीर असल्यामुळे येणारी आस्था, या सगळ्यांतून चांगला चित्रपट निघणारच होता. या म्हणण्यात तथ्य नसते तर १९४४ चा ‘रामशास्त्री’ समजावून घेता आला नसता. त्याचे दिग्दर्शन एकाहून अधिक हातांतून गेले, शेवटी श्रेय आणि मुख्य भूमिका दोन्ही गजानन जागीरदारांकडे आली, आणि तरी तो प्रभातच्या उत्तम चित्रपटांत गणला जातो. संस्थेच्या सवयी इतक्या मुरलेल्या होत्या की सूत्रधार बदलूनही काम ढासळले नाही. पण त्या सवयी आकाशातून पडल्या नव्हत्या. दहा-बारा वर्षे ज्या दिग्दर्शकांनी ‘हे नको, पुन्हा करा’ म्हटले, त्यांनीच त्या लावल्या होत्या. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, १९४५ मध्ये दामले गेले. इमारत, फ्लोअर, यंत्रे, नाव सगळे जागेवर होते. तरी ‘रामशास्त्री’नंतर त्या तोलाचा चित्रपट प्रभातमधून निघाला नाही. १९४६ चा ‘हम एक हैं’ आज आठवतो तो देव आनंदचे पहिले पाऊल म्हणून. १९५३ मध्ये कंपनी संपली. युद्धकाळानंतर बदललेले अर्थकारण, कंत्राटावर फिरणारे तारे आणि सैल पडलेली भागीदारी ही कारणे खरी आहेत, ती मी नाकारत नाही. मात्र त्याच काळात, त्याच अर्थकारणात शांतारामांनी मुंबईत राजकमल उभे केले आणि ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. १९४७ मध्ये आपल्या जुन्या गुरूंसह, बाबुराव पेंटरांसह, ‘लोकशाहीर रामजोशी’ केला. वारे दोघांवर सारखेच वाहत होते.

राजकमलमध्ये शांतारामांना अडवणारे कुणी नव्हते. ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये माळरान, एक घर आणि सहा कैदी एवढ्याच मोजक्या ऐवजावर त्यांनी काम केले, आणि तो चित्रपट १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल घेऊन आला. त्याच्या अलीकडे १९५५ चा ‘झनक झनक पायल बाजे’ आणि पलीकडे १९५९ चा ‘नवरंग’ आहे. या दोन्हींत रंग, नाच आणि सजावट यांना आवर राहिलेला नाही. लोकांनी ते डोक्यावर घेतले, त्यांतला उत्साह अस्सल आहे, पण ‘कुंकू’च्या दिग्दर्शकाने ते केले हे पटवून घ्यायला वेळ लागतो. दामल्यांसारखा मोजून बोलणारा आणि फत्तेलालांसारखा भिंतीच्या रंगाचाही विचार करणारा भागीदार शेजारी असताना ‘नको’ म्हणणे सोपे जात असावे. दिग्दर्शक एकट्याने निर्णय घेतो हे खरे, पण ज्यांच्या डोळ्यांदेखत तो निर्णय घेतो ती माणसे कोण आहेत याने त्या निर्णयाची धार ठरते. प्रभातच्या भागीदारांनी एकमेकांना ती माणसे पुरवली, आणि ‘कुंकू’ व ‘तुकाराम’ हे परस्परांहून इतके वेगळे चित्रपट एका आवारात वर्षभराच्या अंतराने होऊ शकले. त्या आवारात १९६० पासून चित्रपट शिकवणारी सरकारी संस्था आहे आणि दिग्दर्शन तिथे स्वतंत्र विषय म्हणून शिकवले जाते. तिथे येणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे दोन चित्रपट लागोपाठ, एका बैठकीत पाहावेत असे मला फार वाटते. पहिल्यात चमत्कारांपेक्षा चूल किती वेळ दिसते आणि दुसऱ्यात संगीत कुठे कुठे येऊ शकले असते आणि आलेले नाही, हे वहीत टिपत.