हिरण्यकेशी मासा

गोड्या पाण्यातील दुर्मीळ मासा. शास्त्रीय नाव शिस्टुरा हिरण्यकेशी, कुल नेमाकायलिडी. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे महादेव मंदिराजवळच्या गुहेतून हिरण्यकेशी नदी उगम पावते. तिथल्या कुंडात तो सापडला. प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे व शंकर बालसुब्रमणियन यांनी २०२० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मासा जेमतेम बोटभर. अंग लांबट, त्यावर गडद पट्टे. खालच्या बाजूस वळलेल्या तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या. तळाच्या गोट्यांमध्ये अन्न हुडकताना या मिशा डोळ्यांपेक्षा जास्त कामी येतात. पाण्यातले बारीक किडे हा मुख्य आहार. स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाणी व खडेगोट्यांचा तळ असा अधिवास त्याला लागतो; गाळ साचला की तो संपला.

हिरण्यकेशी पुढे आजरा, गडहिंग्लजमार्गे घटप्रभेला मिळते. तिचे पाणी अखेर कृष्णेचेच. तरी या माशाची नोंद उगमापाशीच झाली. राज्य शासनाने २०२१ मध्ये हा परिसर जैवविविधता वारसा स्थळ घोषित केला. भाविकांची वर्दळ, निर्माल्य आणि बाहेरून आणून सोडलेले मासे हे अशा इवल्या अधिवासाचे खरे शत्रू.