निवृत्तिवेतन : कृपा, हक्क आणि पुंजी

आयुष्याचीं तीस-पस्तीस वर्षें सरकारी चाकरींत खर्ची घालून जो मनुष्य घरीं बसतो, त्याच्या उतारवयाची तरतूद कोणीं करावी, हा प्रश्न वरवर पाहतां घरगुती जमाखर्चाच्या वहींतला वाटतो. वस्तुतः तो राज्य आणि त्याचा सेवक यांच्यांतील नात्याचा प्रश्न आहे. 'पेन्शन' हा शब्द आमच्या मध्यमवर्गानें इतका आपलासा केला आहे कीं, तो परक्या भाषेंतून आला याची आठवणहि कोणास होत नाहीं. मुलीसाठीं स्थळ पाहतांना नोकरी पेन्शनीची आहे काय, हें विचारणें आमच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलें. शब्द तोच राहिला. त्याचा अर्थ मात्र पालटत गेला. ते निरनिराळे अर्थ कालक्रमानें वाचकांपुढें मांडावे व आज आपण कोठें उभे आहों हें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध पेन्शन दुसऱ्या बाजीरावांची. जून १८१८ मध्यें ते माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वार्षिक आठ लक्ष रुपयांची नेमणूक घेऊन कानपुराजवळील ब्रह्मावर्तीं राहूं लागले. ही रक्कम फार मोठी झाली, अशी कुरकुर त्या वेळीं कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांतहि झाली होती. बाजीराव मात्र पुढें जवळजवळ तेहतीस वर्षें जगले. जानेवारी १८५१ मध्यें त्यांचें निधन होतांच दत्तकपुत्र नानासाहेबांनीं ती नेमणूक पुढें चालविण्याची मागणी केली. डलहौसीनें ती अमान्य केली. नेमणूक बाजीरावांच्या हयातीपुरती होती, आणि कुटुंबाच्या पदरीं शिल्लकहि पुष्कळ आहे, असा त्याचा पक्ष होता. नानासाहेबांचे वकील अझीमुल्ला खान थेट लंडनपर्यंत जाऊन आले, पण हातीं कांहीं लागलें नाहीं. १८५७ च्या उठावाचीं कारणें अनेक आहेत व तीं सर्व एका पेन्शनीवर घालणें योग्य होणार नाहीं. तथापि या नकाराचें शल्य ब्रह्मावर्तीं किती खोल रुतलें होतें, हें पुढील घटनांनीं दाखविलें.

बाजीरावांची पेन्शन राजकीय होती, चाकरीची नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. परंतु ब्रिटिश कायद्यानें या दोहोंस एकाच छपराखालीं आणिलें, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. १८७१ च्या पेन्शन कायद्यांत राजकीय नेमणुका आणि पूर्वसेवेबद्दल मिळणारें वेतन यांचा विचार एकत्रच केलेला आहे. त्यांतील दोन तरतुदी शेजारीं ठेवून वाचाव्या. पहिलीनें अशी पेन्शन सावकाराच्या जप्तींतून मुक्त केली. दुसरीनें पेन्शनीविषयींचे दावे, कायद्यांत सांगितलेल्या अपवादांखेरीज, दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढले. म्हणजे म्हाताऱ्या कारकुनाचें सावकारापासून रक्षण झालें. पण सरकारनेंच हात आखडला तर न्यायालयाचें दार त्यास सहसा उघडें नव्हतें. कृपेचें लक्षण याहून स्पष्ट तें कोणतें? देणारा दयाळू आहे तोंवर सर्व ठीक. तो फिरला कीं घेणाऱ्यानें अर्ज करीत बसावें.

या कृपेंत आणखी एक मोठें न्यून होतें. सामान्य चाकरमान्याची पेन्शन बहुधा त्याच्या चितेबरोबरच संपे. मागें राहिलेल्या विधवेचें काय, हा विचार राज्यानें फारसा केला नव्हता. तो घरोघरच्या माणसांस करावा लागला. १८७४ मध्यें मुंबईंत ओरिएंटल विमा कंपनी निघाली; १८८४ मध्यें टपाल खात्यानें आपल्या नोकरांसाठीं आयुर्विम्याची योजना सुरू केली. आमच्या जुन्या घरांतील लोखंडी पेट्यांत विम्याचे पिवळे पडलेले कागद सांपडतात, ते याच भीतीचे साक्षीदार होत. केंद्र सरकारच्या सेवकांसाठीं कुटुंबनिवृत्तिवेतनाची व्यापक योजना व्हावयास १९६४ साल उजाडावें लागलें.

पेन्शनीचा दुसरा अर्थ स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें लाविला. १९७१ मध्यें देवकीनंदन प्रसाद यांच्या बिहार सरकाराविरुद्धच्या खटल्यांत, पेन्शन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून नसून तो सेवकाचा हक्क आहे, असें न्यायालयानें ठरविलें. त्याचा कळस १९८२ मध्यें झाला. केंद्र सरकारनें १९७९ मध्यें पेन्शनीचें गणित अधिक उदार केलें. परंतु लाभ ३१ मार्च १९७९ रोजीं वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसच ठेविला. संरक्षण खात्यांतून १९७२ मध्यें निवृत्त झालेले डी. एस. नाकारा हे न्यायालयांत गेले. एक दिवस आधीं निवृत्त झालेला उपाशी आणि एक दिवस नंतरचा तृप्त, हा भेद कोणत्या न्यायाचा, असा त्यांच्या तक्रारीचा मथितार्थ होता. पुण्यांत जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासह पांच न्यायाधीशांपुढें हें प्रकरण चाललें. न्यायमूर्ति डी. ए. देसाई यांनीं लिहिलेला निकाल १७ डिसेंबर १९८२ रोजीं लागला. पेन्शन ही भीक नव्हे, बक्षीसहि नव्हे. ती केलेल्या सेवेचा मोबदला असून वृद्धापकाळीं सन्मानानें जगतां यावें यासाठीं आहे. आणि निव्वळ तारखेच्या रेघेनें पेन्शनरांचे दोन वर्ग पाडणें समतेच्या तत्त्वास विरोधी आहे, असा त्याचा आशय होता. निवृत्त मंडळी १७ डिसेंबर हा दिवस अद्यापि पेन्शनर-दिन म्हणून पाळतात, तें उगीच नव्हे.

परंतु हक्क सिद्ध झाला म्हणून पैसा आपोआप उत्पन्न होत नाहीं. ही पेन्शन कोणत्याहि सांचलेल्या निधींतून दिली जात नसे. चालू वर्षाच्या महसुलांतून ती भागवावी लागे. माणसें अधिक जगूं लागलीं, महागाईबरोबर पेन्शन वाढूं लागली, तसा तिजोरीवरील भार वाढत गेला. या चिंतेंतून तिसरा अर्थ जन्मास आला. १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदलें वगळून, केंद्राच्या सेवेंत नव्यानें येणाऱ्यांस नवी पद्धति लागू झाली. महाराष्ट्रानें १ नोव्हेंबर २००५ पासून तोच मार्ग धरिला. सेवकानें मूळ वेतन व महागाई भत्ता यांचा दहावा हिस्सा घालावा, सरकारनेंहि तितकाच घालावा (केंद्रानें आपला हिस्सा २०१९ पासून चौदा टक्के केला), तो पैसा बाजारांत गुंतवावा, आणि साठाव्या वर्षीं निदान चाळीस टक्के रकमेचें वर्षासन विकत घ्यावें, अशी ही रचना. पेन्शन येथें वचन राहिली नाहीं. ती पुंजी झाली.

आमच्या मतें वादाचें मर्म येथेंच आहे. जुन्या पद्धतींत बाजार पडला तर तोटा राज्याचा. नव्या पद्धतींत तो म्हाताऱ्याचा. शिवाय नेहमींच्या वर्षासनाची रक्कम ठरलेली असते आणि भाव मात्र चढत असतात. दरसाल सहा टक्के भाववाढ धरिली तर बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते; म्हणजे साठाव्या वर्षीं पुरणारें उत्पन्न बहात्तराव्या वर्षीं अर्धपोटीं ठेवतें. आमच्याच महाविद्यालयांतील शिक्षकांच्या खोलींत एका टेबलाशीं बसणारे, तोच विषय शिकविणारे दोन सहकारी आहेत. एकाची नेमणूक त्या नोव्हेंबराच्या आधींची, दुसऱ्याची नंतरची. निवृत्तीच्या गोष्टी निघाल्या कीं दुसरा हळूच वर्तमानपत्र उघडतो. नाकारा खटल्यांतील तारखेची रेघ निराळ्या रूपानें परत आली आहे, असें त्यास वाटलें तर त्याचा दोष काय? मार्च २०२३ मध्यें महाराष्ट्रांतील राज्य कर्मचाऱ्यांनीं जो संप केला, त्याच्या मुळाशीं हीच भावना होती.

या रेट्यानें राज्यकर्त्यांस पुन्हा विचार करावा लागला. केंद्रानें ऑगस्ट २०२४ मध्यें एकीकृत योजना मंजूर केली व १ एप्रिल २०२५ पासून ती अंमलांत आली. सेवकाचा दहा टक्के हिस्सा कायम आहे. पण पंचवीस वर्षें सेवा झाल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याइतकी रक्कम, तिजवर महागाईची भर, आणि मृत्यूनंतर जोडीदारास त्या रकमेचे साठ टक्के, अशी हमी तींत आहे. हक्क आणि पुंजी यांचा हा मध्यममार्ग होय. तो कितपत टिकतो हें काळच ठरवील.

इतिहासाच्या या धड्यावरून तरुण वाचकांनीं आपल्या योजनेस तीन प्रश्न विचारावे, अशी आमची सूचना आहे. दिलेलें वचन कायद्यानें बांधलेलें आहे काय? आपल्या पश्चात् तें जोडीदारास पोंचतें काय? आणि भाव चढले तर तेंहि चढतें काय? जेथें उत्तर नकारार्थी येईल तेथील तूट आपल्या शिलकेनें भरावी लागेल, आणि त्या कामास पंचविसावें वर्ष जितकें सोयीचें, तितकें पंचावन्नावें नाहीं. आठ लक्षांच्या धन्यालाहि पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें ठाऊक करून घेतां आलीं नव्हतीं, आणि त्याची किंमत त्याच्या मुलास मोजावी लागली.