ताप मोजून साथ सापडत नाही

गरीब देशाला साथरोगाचा माग काढायचा असेल तर त्याने विमानतळावर पहारा बसवावा, हे मत अनेकदा मांडले जाते. गावोगाव प्रयोगशाळा उभारायला पैसा नाही, परदेशी जाणारे-येणारे मात्र मोजक्याच दारांतून जातात. दारातच तपासले की थोडक्यात काम भागते, असा हा पूर्वपक्ष. तो वजनदार आहे, पण पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४च्या इबोला साथीपुढे टिकत नाही.

गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये त्या वर्षी तपासणीच्या पहिल्या दोन महिन्यांत देशाबाहेर निघालेल्या सुमारे ३६,००० प्रवाशांची तपासणी झाली. ७७ जणांना अडवले. त्यांतल्या कुणालाही इबोला असल्याचे निदान झाले नाही. बऱ्याच जणांना मलेरिया होता. उलट १९ सप्टेंबरला मन्रोव्हियाहून निघालेला एक प्रवासी अंगात ताप नसल्याने सुटला आणि डॅलसला पोचल्यावर काही दिवसांनी आजारी पडला. यात तपासनिसांची चूक नव्हती. इबोलाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते २१ दिवस जातात. विमानप्रवास काही तासांचा.

तपासणीच्या धाकाने आजारी माणसे प्रवास टाळतात, असेही म्हटले जाते. टाळत असतील. पण धाक बसवणे म्हणजे माग काढणे नव्हे.

माग काढला तो नायजेरियातल्या लागोसने. २० जुलैला लायबेरियाहून आलेला प्रवासी विमानतळावरच कोसळला. इस्पितळात आधी मलेरिया समजून उपचार सुरू झाले. डॉ. अमेयो स्टेला अडाडेव्हो यांना इबोलाचा संशय आला. त्याला जाऊ द्या असा दबाव येऊनही त्यांनी सोडले नाही. त्याच आजाराने त्यांचा जीव गेला, हे लिहिताना हात अडखळतो. पोलिओ निर्मूलनासाठी घडवलेली माणसे आणि यंत्रणा मग कामाला लागली. संपर्कात आलेल्या ८९४ जणांच्या घरी सुमारे १८,५०० भेटी दिल्या गेल्या. नायजेरियातली साथ २० रुग्ण आणि ८ मृत्यूंवर थांबली.

प्रवासी साथीची बातमी आणतो, हे खरेच. २०१७ची क्युबातली झिकाची दडलेली साथ तिथून परतलेल्या प्रवाशांमुळेच पुढे उघड झाली. पण ती कळली ते घरी परतून डॉक्टरकडे गेल्यावर, त्यांचे रक्त तपासले गेल्यावर. लायबेरियातल्या किंवा बिहारमधल्या जिल्हा रुग्णालयात तापाच्या रुग्णाला ‘कुठून आलात?’ असे विचारणारा डॉक्टर आणि नमुना तपासणारी प्रयोगशाळा हवी. पैसा आधी तिथे जावा.