लोकसंख्या आणि भारताची आर्थिक वाढ : १९२१ नंतर

१९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या घटली. आजच्या सीमांत मोजली तर ती २५.२ कोटींवरून २५.१ कोटींवर आली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले होते. पुढच्या प्रत्येक जनगणनेत आकडा चढतच गेला. म्हणून १९२१ हे महाविभाजक वर्ष मानले जाते.

ही वाढ जन्म वाढल्यामुळे झाली नाही, मृत्यू कमी झाल्यामुळे झाली. साथी ओसरल्या, १९५३ पासून हिवतापाविरुद्ध डीडीटीची फवारणी गावोगाव पोचली. जन्मदर मात्र बराच काळ चढा राहिला. १९७१ मध्ये दर शंभरांत ४२ जण १५ वर्षांखालचे होते. पूर्वी दगावली असती अशी मुले जगू लागली, हे देशाचे मोठेच यश होते. धोरणाच्या भाषेत मात्र ती ओझे ठरली.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा त्यांच्यासमोर स्त्रीचे आरोग्य आणि तिचा निर्णय होता. सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हाती घेतले ते मुख्यतः अर्थव्यवस्थेसाठी. १९५८ मध्ये अन्सली कोल आणि एडगर हूव्हर या अभ्यासकांनी भारताचाच दाखला देऊन मांडले, की खाणारी तोंडे वाढली की बचत आटते आणि भांडवल उभे राहत नाही. या भीतीची किंमत गरिबांनी मोजली: आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत सक्तीच्या अनेक होत्या.

पुढचा अनुभव कोल-हूव्हर यांच्या मांडणीत पूर्ण बसत नाही. १९५० ते १९८० या काळात अर्थव्यवस्था वर्षाला सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढली. १९८० च्या दशकात हा वेग पाच टक्क्यांपलीकडे गेला, आणि लोकसंख्या तर तेव्हाही दोन टक्क्यांहून अधिक गतीने वाढत होती. वेग बदलला त्यात धोरण, गुंतवणूक आणि शेतीतले उत्पादन यांचा वाटा मोठा होता.

जन्मदर उतरला तोही राज्याराज्यांत वेगवेगळ्या वेळी. मुली शिकल्या, बालमृत्यू घटले, तिथे तो आधी उतरला. केरळ १९८० च्या दशकाअखेरीस प्रतिस्थापन पातळीखाली, म्हणजे एका पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढण्याइतक्या जननदराखाली गेला. बिहारमध्ये २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही दर स्त्रीमागे सरासरी तीन मुले होती. जन्मदर उतरला की लोकसंख्येत कमावत्या वयाच्या माणसांचा वाटा वाढतो. पण कमावत्या वयाची माणसे वाढली, एवढ्याने रोजगार निर्माण होत नाही. केरळचे शिकलेले तरुण कामासाठी आखातात गेले. आज त्याच केरळात बांधकामावर आणि हॉटेलांत बंगाल, आसाम, ओडिशा आणि बिहारमधून आलेले मजूर राबतात.