हिरकणीचे दूध आणि घाट उतरणारी मेंढरे

धागा : महाड-पोलादपूरच्या पशुपालनाचा इतिहास

हिरकणीची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोजागरीचा दिवस, रायगडावर दूध विकावयास गेलेली गवळण, सायंकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल आणि अंधारात उतरलेला तो कडा. ही लोककथा आहे, तिच्याकडे लोककथा म्हणूनच पाहावे. परंतु तिच्यातील एक तपशील आपण नेहमी ओलांडून पुढे जातो. ती दूध विकावयास गेली होती. ते दूध कोणत्या जनावराचे असेल? आणि त्याच डोंगरांत पावसाळ्यात शोधूनही मेंढरू का सापडत नाही?

उत्तराचा आरंभ पावसापासून करावा लागतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खाली सावित्रीच्या खोऱ्यात, महाड-पोलादपुरास, तीन हजारांच्या वर. तेथून पूर्वेस सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या फलटण-माण-खटावच्या पट्ट्यात तोच पाऊस पाचशेच्या आसपास येतो. एवढ्या अल्प अंतरात एवढी तफावत जगात फार थोड्या ठिकाणी आढळते.

मेंढी ही कोरड्या देशाची प्रजा. चार महिने लोकर भिजलेली राहिली, खूर चिखलात राहिले, तर खुरे कुजतात. भाताच्या खाचरांतील गोगलगायींमार्फत यकृतात कृमी शिरतात आणि कळप बसू लागतो. म्हशीला चिखलाचे वावडे नाही. म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावर म्हैस राहिली आणि माणदेशात मेंढी.

ही विभागणी केवळ जनावरांची नव्हती, ती माणसांचीही होती. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८० च्या सुमारास धनगर समाजाच्या निरनिराळ्या शाखांचा भौगोलिक अभ्यास केला. मेंढपाळ हटकर निमकोरड्या पठारावर, लोकरीच्या विणकामाशी जोडलेले खुटेकर, आणि म्हशी पाळणारे गवळी धनगर अतिपावसाच्या डोंगरमाथ्यावर, असे ते चित्र होते. गवळी धनगरांवरील त्यांचा स्वतंत्र निबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. जातीचा नकाशा आणि पर्जन्याचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहण्याची ही दृष्टी मला आजही विलक्षण वाटते.

महाड-पोलादपूरच्या नकाशावर डोंगराच्या खांद्याशी ‘धनगरवाडी’, ‘गवळवाडी’ अशी नावे दिसतात. तीच गवळी धनगरांची वस्ती. पाच-दहा घरे, भोवती रान, आणि पुढची वस्ती बरीच लांब. घरे विखुरलेली, कारण चराई विखुरलेली. उतारावर रान तोडून, जाळून नाचणी-वरी पिकवावयाची आणि मग ती जागा काही वर्षे पडीक सोडावयाची. रायगडात या जमिनींना ‘दळी’ म्हणतात.

आता दुधाचा प्रश्न. डोंगरमाथ्यावरून बाजार गाठेपर्यंत दूध नासते. त्यामुळे गवळी धनगर दूध विकत नसत. ते लोणी काढीत, तूप कढवीत आणि डोईवर घेऊन बाजार गाठीत. तूप टिकते, वजनाच्या मानाने त्यास भाव मिळतो, आणि परतताना त्यातून मीठ, धान्य, कापड येते. महाड हे सावित्रीच्या खाडीवरचे जुने बंदर. बाणकोटच्या मुखातून होड्या वर येत आणि घाटावरचा माल येथे उतरे. डोंगरातले तूपही त्याच वाटेने बाजारास लागले असणार.

मग हिरकणी दूध का विकते? माझा तर्क असा : १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रायगड ही राजधानी झाली. ऐन डोंगरावर मोठी वस्ती, दरबार, शिबंदी. ताज्या दुधाला गिऱ्हाईक डोंगर उतरून शोधावे लागत नव्हते, ते वरच येऊन राहिले होते. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यामागचे अर्थकारण खरे वाटते.

मेंढरांची गोष्ट निराळी. ती येथली नव्हेत. ती येथे येतात.

दिवाळीच्या आसपास कोकणातील भात कापून होते. त्याच सुमारास पठारावरील कुरणे सुकू लागतात. मग मेंढपाळांचे वाडे हलतात. ‘वाडा’ म्हणजे येथे घर नव्हे. एकत्र चालणाऱ्या कुटुंबांचा आणि कळपांचा तांडा. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर लहान मुले, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे. वरंध, आंबेनळी यांसारख्या घाटांनी हे वाडे कोकणात उतरतात. (मेंढपाळांच्या बोलीत मेंढी म्हणजे ‘बकरं’ आणि शेळी म्हणजे ‘शेरडू’, शहरी माणसाचा येथे हमखास घोटाळा होतो.)

पारघाटाचे नाव आपण अफजलखानामुळे, १६५९ मुळे लक्षात ठेवतो. आंबेनळीला इंग्रजांनी फिट्झगेराल्ड या गव्हर्नराचे नाव दिले. सैन्य एखाद्या घाटाने एकदा गेले तर त्याची नोंद होते. मेंढरे दरसाल जातात, त्यांची होत नाही.

कोकणच्या शेतकऱ्यास मेंढरू कशास हवे? लोकरीसाठी नव्हे, मांसासाठीही मुख्यत्वे नव्हे. त्याला हवे होते ते लेंडीखत. येथील जमिनीतील सत्त्व दर पावसाळ्यात धुऊन जाते. म्हणून रात्री मेंढरे शेतात ‘बसवावयाची’. ‘वाघर’ म्हणजे जाळीचे कुंपण. ते खुंट्यांवर ताणून कळप आत कोंडतात. लेंड्या पडतात, मूत्र मुरते, खुरांनी ते मातीत मिसळते. पुढच्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यात. किती मेंढरे, किती रात्री, यावर मोबदला ठरे. पूर्वी तो भाताच्या रूपाने मिळे, आता बहुधा रोख. गाडी नको, पाटी नको, खत स्वतःच्या पायांनी शेतात येते.

या खताचे मोल समजण्यास ‘राब’ समजला पाहिजे. भाताचे रोप ज्या वाफ्यात टाकावयाचे, तेथे शेण, पालापाचोळा, ऐन-किंजळाच्या फांद्या, गवत आणि माती यांचे थर रचून उन्हाळ्यात जाळतात. त्यासाठी रान हवे. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या. राबाच्या फांद्या, चराई आणि दळी या तिन्ही गोष्टी सरकारी परवानगीच्या झाल्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत (कुलाबा म्हणजे आजचा रायगड, नाव १९८१ मध्ये बदलले) असंतोष एवढा वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे निदान त्या आयोगापुढे मांडले गेले. डोंगरमाथ्यावरील गवळी धनगरांची बाजू कागदावर फार थोडी उमटली.

याच सरकारने मेंढीकडे मात्र निराळ्या नजरेने पाहिले होते. दख्खनी मेंढी बहुधा काळी, काटक. तिची लोकर वर्षाला जेमतेम अर्धा किलो आणि जाडीभरडी. ती घोंगडीस उत्तम. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पाऊसही बराच वेळ अडवते. पण विलायतेच्या गिरण्यांस ती निरुपयोगी. म्हणून १८३० च्या दशकात कंपनी सरकारने मेरिनो जातीचे नर मागवून दख्खनी मेंढीशी संकर आरंभले. तलम लोकरीची ती संतती येथल्या उन्हात, रोगांत आणि शेकडो कोसांच्या चालीत टिकाव धरू शकली नाही. ज्यांना या जनावरातली फक्त लोकर दिसत होती, त्यांना त्याचे पाय दिसले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर प्रयत्न चालूच राहिले. १९७८ मध्ये स्थापन झालेले, आज अहिल्यादेवींचे नाव धारण करणारे राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ सुधारित नर पुरवते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील इवल्याशा ‘गारोल’ मेंढीचे जुळी देणारे जनुक दख्खनी वंशात आणले. त्यातून ‘नारी सुवर्णा’ घडली. गंमत पाहा, दलदलीत राहणाऱ्या मेंढीचा गुण माणदेशाच्या कोरड्या रानात रुजला. तथापि जुळ्यांचे गणित एका जागी राहणाऱ्या कळपाला सोपे, चालत्या वाड्याला अवघड. दोन कोकरांना पुरेल एवढे दूध आईला कोठून, आणि घोड्यावर जागा ती किती?

आज वाडे उतरतात, पण त्यांचा मार्ग आक्रसला आहे. युरियाच्या गोणीने लेंडीखताची गरज कमी केली. आंबा-काजूच्या बागांना कुंपणे पडली. मुंबई-गोवा महामार्गावर वाहनांच्या रांगेतून कळप काढावा लागतो. गवळी धनगरांच्या वाड्यांतून तर तरुण मुंबई-पुण्यास निघून गेले. काही ठिकाणी म्हशींचे गोठे उरले आहेत, म्हशी नाहीत.

मृगाचा पाऊस येण्याआधी वाडे घाट चढून परत जातात. ज्या खाचरात ते बसले होते, तेथील भात श्रावणात शेजारच्या खाचराहून गडद दिसते.

महाड, पोलादपूर, भोर, वाई, फलटण येथील वाचकांना विनंती : आपल्या गावात मेंढरे अजून बसतात का, कोणत्या वाटेने येतात, आणि एका रात्रीचा मोबदला काय ठरतो, ते खाली अवश्य लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारलेत तर अधिकच उत्तम.